शेऱ्याचा रकाना

अकराव्या पानावर पेन्सिलची एक रेघ होती. बारीक, पट्टी न लावता एका दमात मारलेली. समोर दिशा वाटीतली द्राक्षं एकेक करून तोंडात टाकत होती आणि मी चष्मा पुसून पुन्हा तीच रेघ बघत होते. वही दिशाची, पण आखलेली मी, पानांना आकडे घातलेले मी, खाकी कव्हर घातलेलं मी. तीन वर्षं ती दर रविवारी सकाळी गंगापूर रोडवरच्या माझ्या या दोन खोल्यांत अभ्यासाला येते, आणि गेल्या जूनपासून अभ्यास उरकून वेळ उरला की आम्ही एक पान भरतो. एका पानावर एक शिक्षण. वर त्याचं नाव, खाली किती वर्षांचं, कुठे मिळतं, कोणती परीक्षा द्यावी लागते, आणि सगळ्यात शेवटी 'पुढे काय'. नववीतली मुलगी दहावीनंतर गोंधळून जाऊ नये म्हणून मी हे काढलं होतं. अकरावं पान माझं सगळ्यात नीटस पान. 'बी.एस्सी., मग बी.एड.' त्या नावाखाली मी दोन रेघा ओढल्या होत्या, एक निळी, एक लाल. आता नावावरूनच ही तिसरी गेली होती, आणि समासात तिरप्या, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं: हे नंतर बघू.

"हे कोणी लिहिलं गं?"

"चैतालीताईंनी. मी म्हटलं होतं ना बाई तुम्हाला, शनिवारी लायब्ररीत जाते म्हणून."

"म्हणाली असशील."

"म्हटलं होतं. तुम्ही तेव्हा पोहे परतत होता."

चैताली माझीच. सातपूरच्या शाळेत सहावीला माझ्या वर्गात होती. वडील एका कारखान्यात लेथवर होते, रात्रपाळी करून सकाळी घरी आले की त्यांचं सगळं उरकून ही शाळेत यायची आणि पहिल्या तासाला पेंगायची. मी तिला खिडकीजवळ बसवायची. अपूर्णांक तिला मी शिकवले, डब्यातल्या भाकरीचे तुकडे करून. आता ती बंगळूरला शिकून परत आलीय, घरी बसून कुठल्याशा कंपनीचं काम करते, आणि शनिवारी लायब्ररीतल्या लांब टेबलाशी मुलांना गोळा करून कोणी काय शिकावं ते सांगते. फुकट. दिवाळीत हे मला कळलं तेव्हा मी बँकेतल्या रांगेत दोन अनोळखी बायकांना सांगितलं होतं, माझी विद्यार्थिनी आहे म्हणून. तोपर्यंत ती माझ्या वहीत आली नव्हती. आता मला दिसायला लागलं, न पाहिलेलं सगळं. ते टेबल, वहीवर वाकलेली दोन डोकी, चैतालीच्या हातातली पेन्सिल. अकरावं पान उघडलं तेव्हा ती हसली असेल का? दिशा काय म्हणाली असेल? बाईंनी लिहिलंय, असं जरा ओशाळून? चौतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या वह्यांत लाल रेघा मारल्या, दिवसाला शंभर तरी, आणि रेघ ज्याच्यावर पडते त्याला ती कशी दिसते हे मला बहात्तराव्या वर्षी कळत होतं. मी वाटी उचलून आत नेली. द्राक्षं संपली नव्हती.

बाहेर आले तर दिशा पुढची पानं उलटत होती. तेविसाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत पाच पानं भरलेली, तिच्या अक्षरात, मला न विचारता. उद्यानविद्या. जीवरसायनशास्त्र. फुलांच्या जातींची पैदास. एका पानावर नुसतं 'सुगंध' लिहून खाली बाण काढले होते, आणि बाणांच्या टोकांना अशा गावांची नावं होती की त्यातली दोन मला नकाशात दाखवता आली नसती.

"बाई, वासाचंसुद्धा शिक्षण असतं. म्हणजे नाकाचं नाही, केमिस्ट्रीचं. फ्रान्समध्ये तर खास कॉलेज आहे. आपल्याकडे पण शिकवतात, अत्तरांच्या गावी, कनौजला. ताई म्हणाल्या, आधी बी.एस्सी. बागायतीचं कर नाहीतर केमिस्ट्रीचं, मग दारं उघडी."

"ताई म्हणाल्या," मी म्हटलं.

दिशाच्या लोकांचा मखमलाबादकडे मळा आहे. झेंडू, शेवंती, थोडी वांगी, आणि काही वर्षांपासून पॉलिहाऊसमधला गुलाब. तिची आई छाया आमच्या कोपऱ्यावर फुलांची गाडी लावते. दोन वर्षांपूर्वी दिशा एका हातात गावठी गुलाब आणि दुसऱ्या हातात पॉलिहाऊसमधला, असे दोन घेऊन आली होती. "बाई, ह्याचा वास जातो कुठे?" मला चांगलं आठवतं मी काय म्हटलं ते. मी म्हटलं, आधी समीकरणं पूर्ण कर. तिने समीकरणं पूर्ण केली. मग घरी जाऊन स्टीलचे सहा डबे घेतले, पहाटे तोडलेलं फूल एकात, दुपारचं एकात, सावलीतलं एकात, असं बंद करून ठेवलं, आणि आईचे डोळे ओढणीने बांधून तिला एकेक डबा हुंगायला लावला. दहापैकी गुण. महिनाभर. छाया गाडीवर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "ह्या पोरीने माझ्या नाकाची परीक्षा मांडलीय. मीच नापास व्हते की काय!" तो तक्ता दिशाने मला दाखवला तेव्हा मी त्यातली बेरजेची एक चूक दुरुस्त करून दिली होती.

निघताना ती म्हणाली, "बाई, मेमध्ये पंधरा दिवसांचं शिबिर आहे, पुण्याला. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत राहायचं, त्यांच्या माणसांबरोबर काम करायचं. सगळ्या महाराष्ट्रातून चाळीसच मुलं घेणार. शाळेचा शिक्का मिळाला. आता शिक्षकांचं पत्र पाहिजे, ओळखणाऱ्या. तुम्ही द्याल?"

"चैतालीताई देत नाहीत?"

"त्या म्हणाल्या, बाईंकडूनच घे." तिने चप्पल घालता घालता वर पाहिलं. "पुढच्या रविवारी पाचपर्यंत पाठवायचंय. पत्रावरच असतं सगळं, मार्क तर सगळ्यांनाच आहेत."

बाईंकडूनच घे. ती गेल्यावर मी हे वाक्य दिवसभर चघळत बसले. त्यात मला उपकार दिसला. म्हातारीलाही काहीतरी काम द्यावं, असं. टीव्हीच्या शेजारी माझा तो दगड आहे, काळ्या पत्थरात पांढऱ्या स्फटिकांचा झुबका, मुठीएवढा. सोमवारी धूळ पुसताना तो हातात राहिला. वणीला आमचं नारळ-ओटीचं दुकान होतं, देवीच्या गडावर जाणाऱ्या बायका तिथून खण-नारळ घेत. मी मॅट्रिकच्या वर्गात असताना शेजारच्या विहिरीला सुरुंग लावला आणि वर आलेल्या काळ्या ढिगात हे सापडलं. काळ्या दगडाच्या पोटात पांढरं कुठून येतं? मी तो दगड परकराच्या ओच्यात घेऊन हेडमास्तरांकडे गेले होते. त्यांनी तो उलटासुलटा केला, छान आहे म्हणाले आणि टेबलावरच्या कागदांवर ठेवला, कागद उडू नयेत म्हणून. पंख्याखाली तो आठवडाभर तिथे होता. मग मी हळूच परत आणला. पुण्याला दगडांचं कॉलेज आहे असं मला सर्व्हेला आलेल्या एका माणसाने सांगितलं होतं. मी ते वडिलांना सांगणार होते, प्रगतिपुस्तक आलं की लगेच, मार्कांच्या आनंदात. प्रगतिपुस्तक आलं. मार्क चांगले होते. खाली शेऱ्याच्या रकान्यात हेडमास्तरांच्या मोत्यासारख्या अक्षरात: 'मेहनती व आज्ञाधारक.' वडिलांनी ते दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. नारळ सोलता सोलता म्हणाले, आज्ञाधारक! झकास मास्तरीण होईल आमची ज्योत्स्ना. मीही हसले. मला तो शेरा इतका आवडला होता की दगडांच्या कॉलेजचं मी बोललेच नाही. डी.एड.ला गेले, आणि खोटं कशाला बोलू, मुलं मला आवडली, पहिल्या दिवसापासून.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत चाळीस प्रगतिपुस्तकं घेऊन बसले होते, शेरे सुचत नव्हते. कमळाबाई म्हणून एक वयस्कर बाई होत्या, त्यांनी चहा ओतता ओतता शिकवलं. "अगं, ज्याच्यात काही दिसत नाही त्याला मेहनती लिही. आईबाप खूश. वर्गात तोंड उघडत नाही ती आज्ञाधारक. आणि ज्याच्यात खरंच काही असेल ना, तिथे जे दिसलं ते लिही, मग रकान्याबाहेर गेलं तरी चालेल. पुढच्या वर्गाच्या मास्तरांना बरोबर कळतं." मी हो म्हटलं. चहा तसाच ठेवला. खिडकीबाहेर मुलं पाण्याच्या टाकीशी भांडत होती आणि मी ते दोन शब्द सहा वर्षं मागे जाऊन पुन्हा वाचत होते, नारळाच्या शेंड्यांच्या वासासकट.

बुधवारी दुपारी मी पत्र लिहायला बसले. पांढरा कागद, शाईचं पेन. मनात चैतालीला काहीबाही सुनावत होते, पण तिच्यावर राग धरणं तसं सोपं होतं आणि मला ते कळतही होतं. ती फक्त पेन्सिल घेऊन आली होती. खरं मला टोचत होतं ते दुसरंच. बारा-तेरा वर्षांची मुलगी दोन गुलाब घेऊन येते आणि विचारते, वास कुठे जातो. तिला मीही हेडमास्तरांपेक्षा काही वेगळं सांगितलं नाही. पण हिचं तिथे थांबत नाही. हिला सहा डबे मिळतात, डोळे बांधून घेणारी आई मिळते, कोणीतरी बाण काढून दाखवतं, अकराव्या पानानंतर बारावं असतं, सत्ताविसावं असतं. मला अकराच पानं होती. मी कागदावर लिहिलं: 'कु. दिशा ही माझ्याकडे तीन वर्षांपासून अभ्यासासाठी येते. ती मेहनती आहे.' पेन थांबलं नाही. 'ती आज्ञाधारक असून मोठ्यांचा मान राखते. स्वभावाने शांत आहे. तिच्या वह्या नीटनेटक्या असतात. तिला माझ्या शुभेच्छा.' अक्षर सुंदर आलं होतं. एक शब्द खोटा नव्हता. कोणीही म्हणालं असतं, किती चांगलं लिहिलंय बाईंनी, आणि पुण्यात ज्याच्या टेबलावर ते पडलं असतं त्याने ते एका नजरेत वाचून डावीकडच्या गठ्ठ्यात ठेवलं असतं. मी पाकीट चिकटवलं. जिभेच्या कडेला डिंकाची चव राहिली, ती जेवणापर्यंत गेली नाही.

रविवारी दिशा आली नाही. फोन आला, लग्नाच्या मोठ्या ऑर्डरी आहेत, आईजवळ थांबलेय, दुपारी येऊन पत्र नेईन. मला घरात बसवेना. तीनच्या सुमारास पाकीट पिशवीत घालून मीच कोपऱ्यावर गेले. छायाची गाडी फुलांनी भरली होती, ती स्टुलावर बसून लांब सुईने शेवंती ओवत होती, आणि दिशा मागे बादलीत गुलाबाच्या काड्या तिरप्या कापत होती. दप्तर गाडीखाली, वही वर.

"अगंबाई, तुम्ही कशाला आल्या उन्हाच्या!" छायाने स्टूल रिकामं केलं. "बसा. दिशे, पाणी दे बाईंना. आणलं का पत्र? वाचा ना. मलाबी ऐकू द्या काय लिहिलंय आमच्या पोरीचं."

"पाकीट चिकटवलंय गं."

"मग फाडा की! पाकिटाचं काय, आहेराची ढीगभर हायेत माझ्याकडं, रुपया चिकटवलेली." ती हसली. "आसंबी त्या चैतालीताईला फोटोच पाठवायचा ना मोबाइलवर?"

मी पाकीट फाडलं. मुलांना धडा वाचून दाखवतात तसा आवाज आपोआप लागला. मेहनती आहे, मी वाचलं. आज्ञाधारक असून. आणि छायाची सुई थांबली.

"आज्ञाधारक!" ती दिशाकडे वळली. "ऐकलं का गं? बाईंनी लिहिलंय. घरी काय व्हतं मग तुला?" तिने पदराच्या टोकाने नाकाखाली पुसलं, आणि समोर हाराला थांबलेल्या अनोळखी माणसाला म्हणाली, "भाऊ, माझ्या पोरीला पुण्याला बोलवणार हायेत. मेहनती आन् आज्ञाधारक. लय मोठ्या बाई हायेत ह्या."

नारळ फुटल्यासारखं काहीतरी झालं माझ्या कानात. छायाच्या हातात सुई होती, वडिलांच्या हातात कोयता होता, चेहरा तोच. मी कागद धरून राहिले आणि वाचतच गेले. शुभेच्छांशी थांबले नाही. "दोन वर्षांपूर्वी," मी वाचलं, "या मुलीने मला विचारलं, पॉलिहाऊसमधल्या गुलाबाचा वास जातो कुठे. मला उत्तर येत नव्हतं. तिने सहा डबे घेतले आणि स्वतःच्या आईचे डोळे बांधले. महिनाभर रोज चार वेळा तिने नोंदी केल्या. तिच्या तक्त्यात एका ठिकाणी बेरीज चुकलेली आहे, पण पहाटेच्या फुलाचा आणि दुपारच्या फुलाचा वास वेगळा का, हा प्रश्न तिने चुकवलेला नाही. माझ्या चौतीस वर्षांत असा प्रश्न घेऊन माझ्याकडे फार थोडी मुलं आली." मी कागद जरा वर धरला. "त्यांना मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही."

"माझं नाकबी घातलं का त्यात!" छाया खूश झाली. "भाऊ, घ्या तुमचा हार."

दिशा पाण्याचा ग्लास घेऊन माझ्या खांद्यामागे उभी होती. किती वेळ, मला माहीत नाही. तिने ग्लास गाडीवर ठेवला, ओले हात फ्रॉकला पुसले आणि माझ्या हातातून कागद घेतला. वाचला. उलटा केला. मागे कोरा होता.

"बाई, तुम्ही वाचलं ते ह्यात नाहीये."

"नाहीये."

"लिहायचं राहिलं?"

मी असंच विचारायची. गृहपाठ न केलेलं मूल समोर उभं राहिलं की मी म्हणायची, वही घरी राहिली का रे? म्हणजे त्याला हो म्हणून सुटता यावं. ती माझ्याकडूनच हे शिकली होती आणि आता मला तेच दार उघडून देत होती.

"राहिलं नाही," मी म्हटलं. "मी लिहिलं नाही."

तिच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या आल्या, गणित सुटत नसलं की येतात तशा. छाया गिऱ्हाइकाला सुटे देत होती, तिचं लक्ष नव्हतं. रस्त्यावरून गंगापूरकडे जाणारी एक बस मोठा हॉर्न देत गेली.

"चैतालीताईंकडे त्यांचं सहावीचं प्रगतिपुस्तक आहे," दिशा म्हणाली. हळू, आईला ऐकू जाऊ नये असं. "त्यांनी सगळ्यांना दाखवलं लायब्ररीत. तुमचा शेरा रकान्यात मावलाच नव्हता, कडेने वर चढवत नेलाय. 'ही पेंगते. पण जागी असते तेव्हा वर्गात तिच्याइतकं जागं कोणी नसतं.' म्हणून त्या म्हणाल्या, बाईंकडूनच घे. त्यांच्यासारखं कोणी लिहीत नाही."

मला हे आठवत नव्हतं. आत्ताही आठवत नाही. चाळीस प्रगतिपुस्तकं, संध्याकाळ होत आलेली, लाल पेन, आणि मी कधीतरी हे लिहिलं असणार, कडेने वर चढत. एका मुलीला मी ते दिलं होतं आणि विसरूनही गेले होते. आणि त्याच हाताने बुधवारी दुपारी.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चार वाजायला दहा."

"कागद दे."

तिने वही उचलली. या वहीचं पान फाडायचं नाही, हा माझा नियम. म्हणून तर आकडे घातले होते. ती माझ्याकडे बघत थांबली. मी मान हलवली तेव्हा तिने शेवटचं पान, शहाण्णवावं, शिवणीजवळून हलकेच सोडवलं. छायाने गाडीवरची फुलं दोन्ही हातांनी बाजूला लोटून फळीवर जागा केली. काय चाललंय ते तिला कळलं नव्हतं. "दुसरं चांगल्या अक्षरात लिवताय का? लिवा लिवा," म्हणाली.

मी लिहायला लागले. मत्सर गेला वगैरे काही नव्हतं. तो तिथेच होता, शेवंतीच्या ढिगाच्या पलीकडे, आणि मी त्याच्या नाकासमोर लिहीत होते. पेनाखाली फळी ओली होती, शाई जरा फुटत होती. डबे लिहिले, ओढणी लिहिली, बेरजेची चूकही लिहिली. दिशा समोरून उलटं वाचत होती. अर्ध्या पानावर मी लिहिलं, 'ती अत्यंत चौकस आहे', आणि तिने ओलं बोट त्या शब्दाशी ठेवलं.

"बाई, चौकस नको. सगळे तेच लिहितात."

"मग काय लिहू?"

तिने विचार केला. "मी ऐकत नाही, असं लिहा. तुम्ही समीकरणं कर म्हणालात, तरी मी डबे घेतले."

"काय गं, काय सांगतेस बाईंना?" छाया ओरडली. "आत्ता आज्ञाधारक म्हटलंय ना तुला!"

मी पेन उचललं, 'चौकस'वर रेघ मारली, बारीक, पट्टी न लावता, आणि वर लिहिलं: सांगितलेलं ऐकत नाही.